मधाचं कूळ

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. रानाच्या कडेला पेट्या मांडणाऱ्या मधपाळांचं हे गाव. त्याच्या या नावात एक कोडं आहे. मूळ संस्कृत शब्द ‘मधु’ उकारान्त. मग ‘मधूचे’ न होता ‘मधाचे’ कसं झालं?

प्राकृतात ध चा ह झाला आणि ‘मधु’चा ‘महु’. तो घरचा वारसा ‘मोहोळ’ या शब्दात टिकून आहे. सुटा ‘मध’ मराठीने संस्कृतातून पुन्हा उचलला, म्हणून त्यात ध शाबूत राहिला. शेवटचा उ मात्र गळाला, नपुंसकलिंग जाऊन पुल्लिंग आलं आणि शब्द ‘देव’सारख्या अकारान्तांच्या पंक्तीत बसला. देवस्य, देवस्स, मग देवा-, म्हणून देवाचा. त्याच चालीवर मधाचा.

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सांगलीकडे वाहते, तिच्या काठच्या पिकाचीही हीच कथा. इक्षु, उच्छु, ऊस. यातला च्छ चा स खास मराठी: मच्छ-मासा, वच्छ-वासरू. ‘इक्षु’ही मूळचा उकारान्त, पण आज आपण ‘उसाचा’ म्हणतो.

‘मधु’चे भाऊबंद पार युरोपात आहेत. आद्य स्लाव भाषा कुणी लिहून ठेवली नाही. रशियन ‘म्योद’, चेक ‘मेद’, शेजारचा लिथुएनियन ‘मेदुस’ अशी रूपं ताडून अभ्यासकांनी तिचा मधाचा शब्द उभा केला: *मेदु. तारका सांगते की हे रूप लिहिलेलं सापडलेलं नाही, पुराव्यावरून बांधलेलं आहे. तिथेही शब्द नपुंसकलिंगातून पुल्लिंगात गेला. पुढे रशियनमध्ये त्याने जुनी उकारान्त चाल सोडली. ‘बोग’ म्हणजे देव, ‘बोगा’ म्हणजे देवाचा. तसं ‘म्योदा’ म्हणजे मधाचा. एकमेकींना न विचारता दोन्ही भाषांनी मधाला देवाच्याच पंक्तीत बसवलं!

गेलेला उ सापडतो तो जोडशब्दांत. रशियनमध्ये अस्वलाला ‘मेदव्येद’ म्हणतात, म्हणजे मध खाणारा. ऋग्वेदात त्याच अर्थाचा ‘मध्वद्’ आहे. दोन्हीकडे स्वरापुढे उ चा व झालेला. मराठीत तो उ ‘मधुमेह’, ‘मधुमक्षिका’ यांत जसाच्या तसा आहे. सुटा शब्द रोज विभक्ती घेतो, म्हणून चारचौघांसारखा होतो. समासात अडकलेला जुनं रूप जपतो. शब्दाचं कूळ शोधायचं तर त्याला प्रत्यय लावून पाहावा आणि त्याचे जोडशब्द तपासावेत. नुसत्या मूळ रूपावरून अर्धीच हकीकत कळते.