शिवलेली होडी : लाल शिडांच्या ‘मिरर’ची कथा

१/ जानेवारी १९६३. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकातील सर्वांत कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी एक चालू होता. लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या नौका-प्रदर्शनात बोथट नाकाची, लाल शिडांची एक छोटी होडी मांडलेली होती. तिच्यामागे उभे होते ‘डेली मिरर’ हे कामगारवर्गाचे लाडके दैनिक. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. मात्र या किमतीत तयार होडी मिळत नसे. मिळत ते तिचे सुटे भाग. होडी घरीच बांधायची होती.

२/ ही गोष्ट विलक्षण का ठरली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हौसेखातर शीड उभारून दिवसभर पाण्यावर हिंडणे हा ब्रिटनमध्ये दीर्घकाळ धनिकांचा छंद होता. १८१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉयल यॉट स्क्वॉड्रन’सारख्या क्लबांचे सदस्यत्व ही प्रतिष्ठेची खूण होती. समुद्र सर्वांचा असला, तरी त्यावर जाण्याचे साधन मोजक्यांच्याच हाती होते.

३/ याचे एक कारण होडीच्या बांधणीतच होते. पारंपरिक होडीत आधी कणा, मग फासळ्या, मग त्यांवर एकेक फळी वाकवून बसवायची. हे काम कसबी सुताराचे. शिवाय अशी होडी जड. ती घरी नेणे कठीण. म्हणजे किनाऱ्यावर जागा हवी, तिचे भाडे हवे, देखभालीला माणूस हवा. होडी लहान असली, तरी खर्च लहान नव्हता.

४/ बदलाची सुरुवात युद्धकाळातील विमानांनी केली. प्लायवूड आधीही होते. पण जुन्या डिंकाने जोडलेले थर ओलाव्याने सुटत. १९३० च्या दशकात ओलाव्याला दाद न देणारे कृत्रिम डिंक आले. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ हे प्रसिद्ध विमान अशाच डिंकाने जोडलेल्या लाकडाचे होते. युद्ध संपले आणि हे ज्ञान पाण्याकडे वळले.

५/ १९४६ ची ‘फायरफ्लाय’ ही होडी त्याचे उत्तम उदाहरण. विमाने बांधणाऱ्या फेअरी कंपनीच्या शाखेने लाकडाचे पातळ थर साच्यावर उष्णतेने घट्ट जोडून ती घडवली. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने हिच्यातूनच आपले पहिले सुवर्णपदक मिळवले. होडी हलकी झाली. पण ती घडवायला अजूनही कारखानाच लागत होता.

६/ दुसरी वाट सपाट प्लायवूडची होती. अमेरिकेत फ्लोरिडातील क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ आखली. तिची लांबी ठरली बाजारात मिळणाऱ्या ८ फुटी प्लायवूडच्या मापावरून. ब्रिटनमध्ये जॅक होल्ट यांनी त्याच साली ‘कॅडेट’ आणि १९५६ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या होड्या रेखल्या. तरीही घरी बांधणाऱ्यासमोर एक अडसर उरलाच : फळ्यांच्या कडा तिरक्या तासून सांगाड्यावर तंतोतंत बसवणे.

७/ हा अडसर दूर करणारी युक्ती केन लिटलडाइक या ब्रिटिश शिक्षकाने लहान कयाक बांधताना वापरली होती. ती ‘मिरर’साठी आणली बॅरी बकनेल यांनी. बकनेल हे नौकातज्ज्ञ नव्हते. घरातील दुरुस्तीची कामे स्वतः कशी करावीत, हे बीबीसीच्या पडद्यावर शिकवणारे ते लोकप्रिय सादरकर्ते होते. होल्ट आणि बकनेल यांनी मिळून १९६२ मध्ये ‘मिरर’ सिद्ध केली.

८/ युक्ती अशी : आकारात कापलेल्या प्लायवूडच्या कडांना बारीक भोके पाडायची. दोन कडा जवळ आणून तांब्याच्या तारेने टाके घालायचे आणि पक्कडीने पीळ देत आवळायचे. टाके आवळले जातात तशा सपाट फळ्या आपोआप वळतात आणि होडीचा आकार उभा राहतो. मग सांध्यांवर आतून काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवायची, बाहेरची तार कापायची आणि बाहेरूनही पट्टी लावायची.

९/ नाव शिवण्याची कल्पना मात्र प्राचीन आहे. अरबी समुद्रात शतकानुशतके काथ्याने शिवलेली जहाजे फिरत होती. २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेले, गोव्यात बांधलेले ‘कौण्डिण्य’ हे जहाज त्याच जुन्या रीतीने शिवलेले आहे. फरक एवढाच की, तिथे टाका कायमचा असतो आणि तोच जहाज धरून ठेवतो. ‘मिरर’मधील टाका कपड्याच्या कच्च्या टाक्यासारखा, खरा भार सांध्यावरची पट्टी पेलते.

१०/ आता तिचे बोथट नाक. टोकदार नाळ देखणी दिसते. पण तिच्यासाठी फळ्या अधिक पिळून एका रेषेत जुळवाव्या लागतात. ‘मिरर’च्या पुढच्या टोकाला एक आडवी, सपाट फळी आहे. त्यामुळे बांधणी सोपी होते आणि अवघ्या ३.३० मीटर लांबीत प्रौढ माणूस आणि मुले बसू शकतील इतकी जागा मिळते. त्याची किंमतही आहे : समोरून येणाऱ्या आखूड लाटांवर हे नाक आपटत राहते.

११/ शिडाची मांडणीही विचारपूर्वक केलेली होती. उंच अखंड डोलकाठीऐवजी एक आखूड काठी, आणि तिला लागून वर चढवायची दुसरी काठी. ही ‘गंटर’ पद्धत. दोन्ही मिळून उंच शीड पेलतात. खाली उतरवल्या की होडीच्या लांबीतच मावतात. होडीचे वजन सुमारे ४५ किलो. दोघांनी उचलावी, मोटारीच्या टपावर बांधावी आणि घरी आणून गॅरेजमध्ये ठेवावी. किनाऱ्यावरील जागेचे भाडे त्यामुळे वाचले.

१२/ सुरक्षेचा प्रश्नही बांधणीतच सोडवलेला होता. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे आहेत. होडी उलटली, आत पाणी भरले, तरी ती बुडत नाही; सरळ करून, पाणी उपसून पुढे जाता येते. वाऱ्याने ती आडवी वाहवत जाऊ नये म्हणून तळातून खाली सरकवायची एक फळी असते. उथळ पाण्यात ती वर ओढली की होडी थेट वाळूला लागते. तिला धक्क्याचीही गरज नाही.

१३/ आता किंमत. १९६३ च्या सुमारास ब्रिटिश पुरुष कामगाराची सरासरी साप्ताहिक कमाई १६-१७ पौंड होती. म्हणजे साधारण चार आठवड्यांच्या मजुरीत होडीचे सारे भाग येत. शिडांचा लाल रंग हा दैनिकाच्या बोधरंगाचा होता. पाण्यावरची प्रत्येक होडी त्याची जाहिरात करत असे. व्यापारी हेतू उघड होता, पण त्यातून सामान्य घरात शीड पोहोचले, हेही तितकेच खरे.

१४/ ‘मिरर’ वेगवान नव्हती. पण ती तलावांत, नद्यांत, पाणी साचलेल्या जुन्या खाणींतही चालली. ए. जे. मॅकिनन या शिक्षकाने तर अशाच एका होडीतून इंग्लंडहून नद्या-कालव्यांच्या मार्गाने थेट काळ्या समुद्रापर्यंत मजल मारली. ब्रिटनबाहेर आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथेही ती रुजली. एकूण संख्या ७०,००० च्या घरात गेली.

१५/ प्लायवूडच्या या लाटेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६२ मध्येच पीटर मिल्न यांनी ‘फायरबॉल’ ही बोथट नाकाची, घरी बांधता येणारी. पण अतिशय वेगवान होडी आखली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फायरबॉल गटाचे सुवर्णपदक फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारताला मिळवून दिले.

१६/ तोवर काळ बदलला होता. १९७१ मध्ये कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांची ‘लेझर’ लोकांसमोर आली : काचतंतूची, साच्यातून निघणारी, एकाच शिडाची. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिची संख्या २ लाखांपलीकडे गेली आहे. साच्यातील होडी एकसारखी असते, देखभाल कमी मागते, विकत घेताच पाण्यात उतरते. घरी होडी बांधण्याचे कारणच हळूहळू उरले नाही.

१७/ लाभ मोठा होता. पण त्याबरोबर काही हरवलेही. ज्याने स्वतः टाके घातले, त्याला आपल्या होडीचा प्रत्येक सांधा ठाऊक असे. ती फुटली तर कुठे आणि कशी जोडायची, हेही ठाऊक असे. साच्यातील होडीने पाण्यावर जाणे सोपे केले. मात्र तिच्याबरोबर माणूस पुन्हा ग्राहक झाला. ‘मिरर’ने काही काळ त्याला नौकाबांधणी करणारा केले होते.

१८/ म्हणूनच नौकांच्या इतिहासात ‘मिरर’चे मोल वेगावर वा विजयांवर मोजता येत नाही. बोथट नाक, दुभागलेली डोलकाठी, तांब्याचा टाका, हवाबंद कप्पा : यांतील प्रत्येक गोष्ट सुतार, किनाऱ्यावरची जागा किंवा मोठी रक्कम यांपैकी एखादी अट रद्द करण्यासाठी योजलेली होती. जी माणसे आजवर किनाऱ्यावरून शिडे पाहत होती, त्यांच्या मापाने ही होडी आखली गेली.