गणिती चिन्हे, लेखनसाधने आणि लोकव्यवहार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

गणिताच्या इतिहासात सिद्धांतांना आणि ते मांडणाऱ्या विद्वानांना मानाचे स्थान मिळते. ज्या चिन्हांतून ते सिद्धांत लिहिले गेले, त्यांचा विचार मात्र सहसा तळटीपेपुरता होतो. चिन्ह हे विचाराचे केवळ वस्त्र असते, असे त्यामागचे गृहीतक असावे. वस्तुतः एखादे चिन्ह रूढ होते किंवा लुप्त होते ते केवळ त्याच्या तार्किक सोयीमुळे नव्हे. ते ज्या साधनाने लिहिले जाते, ज्या व्यवहारात वापरले जाते आणि ज्या सत्तेची त्याला मान्यता असते, त्या तिन्हींवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात काही निवडक उदाहरणांच्या आधारे या विधानाचा विचार केला आहे.

हस्तलिखित आणि मुद्रण :

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील बीजगणिताच्या भागात अव्यक्त राशीसाठी ‘यावत्तावत्’ या शब्दाचे आद्याक्षर ‘या’ येते. पुढील अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी वर्णांची नावे आहेत. व्यक्त संख्येपूर्वी ‘रूप’ या शब्दातील ‘रू’ आणि वर्गासाठी ‘व’ लिहितात. बेरजेला वेगळे चिन्ह नाही. पदे शेजारी मांडली की बेरीज झाली. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देतात. समीकरणाचे दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहिले जात असल्याने समतेच्या चिन्हाचीही गरज भासत नाही. ही पद्धत पुरेशी समर्थ होती. परंतु नकलाकाराच्या हातून एक बिंदू सुटला तरी ऋणाचे धन होण्याचा धोका तिच्यात होता.

चिन्ह आणि अर्थ यांचे नाते किती सांकेतिक असते, हे १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितावरून दिसते. भूर्जपत्रावरील या ग्रंथात ऋणत्व दर्शविण्यासाठी आजच्या अधिक चिन्हासारखी फुली वापरली आहे.

युरोपात ‘+’ आणि ‘−’ ही चिन्हे १४८९ मध्ये योहानेस विडमान यांच्या व्यापारी अंकगणिताच्या पुस्तकात छापली गेली. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये समतेसाठी दोन समांतर रेषा सुचविल्या, तरी ते चिन्ह सर्वमान्य होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. सत्ता आणि अभिमान यांचा परिणाम कलनशास्त्राच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसतो. लायब्निझ यांची चिन्हपद्धती युरोप खंडात पसरली, तर इंग्लंडने राष्ट्रीय अभिमानापोटी न्यूटन यांची बिंदुपद्धती धरून ठेवली आणि खंडातील प्रगतीपासून ते दुरावले. १८१२ मध्ये केंब्रिजमध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या तरुणांना खंडातील पद्धतीच्या प्रसारासाठी मंडळ स्थापन करावे लागले.

रुपया, आणा आणि रेघा :

महाराष्ट्रातील जमाखर्चाची लेखनपद्धती हे या संदर्भातील महत्त्वाचे उदाहरण होय. एका रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे आणि आण्याचे चार पैसे, अशी ही चाराच्या पटीतील रचना होती. लेखनही तिला अनुरूप होते. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. त्यापुढील आण्यांसाठी आडव्या किंवा तिरक्या रेघा. ‘५॥।’ असे लिहून ‘पावणेसहा’ असे वाचले जाई. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही पाठांतराची कोष्टके याच व्यवहाराची मौखिक बाजू होती. शेराचा भाव ठाऊक असला की अर्ध्या, पाव किंवा अर्धपाव मालाची किंमत केवळ निम्मे करीत जाऊन काढता येई.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. एका आण्याचे मूल्य सव्वासहा नये पैसे होत असल्याने व्यवहारात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि तीन आण्यांना १९ नये पैसे असा हिशेब ठरविण्यात आला. चार आण्यांचे बरोबर २५ होत. परंतु एकेक आणा चार वेळा मोडणाऱ्याच्या हाती २४ च येत. एकसूत्री मापनपद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. तथापि संक्रमणाचा हा बारीक भार किरकोळ व्यवहार करणाऱ्यावर अधिक पडणारा होता.

चिन्ह गेले तरी शब्द लगेच जात नाहीत. पीकस्थितीच्या मोजणीला शासकीय भाषेत ‘पैसेवारी’ म्हटले जाऊ लागले, तरी शेतकऱ्याच्या तोंडी ‘आणेवारी’ कायम राहिली. ५० पैशांहून कमी पैसेवारी हा टंचाई ठरविण्याचा निकष दीर्घकाळ वापरात होता. त्यामुळे या आकड्यावर गावाला मिळणारी सवलत अवलंबून असे.

संगणकयुग आणि समकालीन प्रश्न :

संगणकाने चिन्हांना नवे द्वारपाल दिले. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदयकुमार यांनी रेखाटलेले ‘₹’ हे चिन्ह स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला स्थान मिळाले. जुन्या अपूर्णांकांच्या रेघांना ते २००९ मध्ये आणि मोडी लिपीला २०१४ मध्ये मिळाले. मान्यतेचा प्रश्न मात्र तेवढ्याने संपत नाही. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ‘₹’ ऐवजी तमिळ लिपीतील ‘रू’ वापरला, तेव्हा देशभर वाद झाला.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हाही असाच वाद उद्भवला. ‘६३’ लिहिताना सहा आधी येतात, उच्चारात मात्र तीन आधी. लेखन आणि उच्चार यांतील या विसंगतीमुळे लहान मुलांना होणारा त्रास खरा होता. परंपरागत संख्यानामे हरपतील ही भीतीही निराधार नव्हती, कारण औटकीची गत समाजाने पाहिलेली आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, चिन्हबदल हा केवळ तांत्रिक सोयीचा प्रश्न नसतो. त्यातून कोणाला हिशेब कळतो आणि कोण त्याला पारखा होतो, हेही ठरत असते. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराच्या मोडी कागदांमध्ये महाराष्ट्राचा आर्थिक इतिहास साठलेला आहे. त्यांतील अक्षरांना आणि रेघांना आज संगणकात जागा आहे; परंतु त्या वाचणारे मोजकेच आहेत. संकेतांक चिन्हाचे जतन करू शकतो, अर्थाचे जतन वाचकच करतो. म्हणूनच मोडी वाचनाबरोबर जुन्या हिशेबपद्धतीचे अध्यापन इतिहास, वाणिज्य आणि गणित या विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक ठरते.