जुनाट मानदुखी : उपचारांची छाननी

मानदुखीचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या काखेत एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा असतो आणि बसायच्या आधीच तो सांगतो, 'मणक्यात गॅप पडलाय' किंवा 'गादी सरकलीय.' कुठे दुखते, केव्हापासून दुखते, रात्री झोप मोडते का, हे सगळे नंतर. पुढच्या बऱ्याच चुका या लिफाफ्यातूनच निघतात, म्हणून उपचारांआधी त्याचा विचार करू.

जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या आणि विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होते. यांतल्या कोणाचीही मान दुखत नव्हती. तेव्हा फिल्मवर दिसणारी झीज आणि जाणवणारे दुखणे यांची सांगड परस्पर घालता येत नाही. अहवालातले शब्द वाचून मान हलवायलाच घाबरणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या भीतीने त्यांची मान आणखी आखडते.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या मानदुखीला जुनाट म्हणतात. तिचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, मान आणि खांद्यापुरता राहणारा. बहुतेक रुग्ण यातलेच. दुसरा, नस दबल्यामुळे हातात कळ उतरणारा, बोटांना मुंग्या आणणारा. तिसरा विरळा, पण गंभीर. यात दाब थेट मज्जारज्जूवर येतो. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात, पायातली चप्पल निसटते तरी कळत नाही, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटू लागतो. अशा रुग्णाने व्यायामाच्या नादी न लागता तातडीने मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे जावे. मानदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा दुखणे पडझडीनंतर सुरू झाले असेल, तरीही आधी तपासणी. एमआरआयचे खरे काम इथे आहे.

पट्टा, शेक, ट्रॅक्शन, गोळ्या या नेहमीच्या उपायांबद्दल थोडक्यात सांगता येईल. पट्ट्याने चार दिवस बरे वाटते. तो महिनोन् महिने घातला तर स्नायू दुबळे होतात. शेकाने आराम पडतो, अपाय होत नाही, पण गुण टिकत नाही. जुनाट मानदुखीत ट्रॅक्शनच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस ठीक, वर्षानुवर्षे घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र कायमची सोडावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. हिसक्याने त्यांना चीर गेली तर पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडले तर आयुष्य उलटेपालटे होते.

या सगळ्या उपायांत रुग्ण निवांत पडून राहतो आणि उपचार दुसरा कोणी करतो. जुनाट मानदुखीत टिकाऊ गुण याच्या नेमक्या उलट बाजूला सापडतो.

फिनलंडमध्ये कार्यालयीन काम करणाऱ्या, जुनी मानदुखी असलेल्या १८० स्त्रियांचे तीन गट करून त्यांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाने बसून, डोक्याभोवती रबरी पट्टी अडकवून, तिच्या ताणाविरुद्ध समोर, तिरके उजवीकडे, तिरके डावीकडे आणि मागे असा प्रत्येकी पंधरा वेळा जोर लावला. दुसऱ्या गटाने उताणे आणि पालथे झोपून डोके उचलण्याचा व्यायाम केला. दोन्ही गट हात आणि खांद्यांसाठी डंबेल्सही उचलत. तिसऱ्या गटाला फक्त ताण देण्याचे व्यायाम आणि चालण्यासारखे व्यायाम सांगितले होते. वर्षाअखेर बऱ्यापैकी किंवा पूर्ण आराम पडल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २१ टक्के होत्या. मान इकडेतिकडे वळवून ताणणे पुरत नाही, तिला बळ द्यावे लागते, हे या आकड्यांतून दिसते.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. डोक्याचे चार-पाच किलो वजन तोलायला मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायू लागतात. दुखण्यात ते ढिले पडतात आणि वरवरचे स्नायू जादा ताण घेऊन दगडासारखे होतात. भिंतीला पाठ आणि डोके टेकवून बसा, नजर समोर ठेवा आणि हनुवटी हलकेच मागे घ्या, जणू गळ्याशी दुहेरी हनुवटी करायची आहे. पाच सेकंद धरा, सोडा. सुरुवात इथून होते. पट्टीचा जोर नंतर आणि फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. पहिले दोन-तीन आठवडे मान थोडी जास्त ठणकते. बहुतेक जण नेमके तेव्हाच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण स्नायूंत बळ यायला दोन-तीन महिने लागतातच.

ज्यांना योगासने जवळची वाटतात त्यांनाही आधार आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीने नऊ आठवडे आसने करवून जर्मनीत मानदुखीवर प्रयोग झाले आणि वेदना कमी झाल्याचे आढळले. ॲक्युपंक्चरचाही काही रुग्णांना उपयोग होतो.

सुई आणि शस्त्रक्रिया यांची पाळी नंतर येते. अपघातात मानेला हिसका बसून मणक्यांमधला छोटा सांधा दुखावला असेल, तर त्याची वेदनावाहक नस उष्णतेने बधिर करतात. १९९६ सालच्या २४ रुग्णांच्या एका चाचणीत निम्मी वेदना परतायला उपचार झालेल्यांत सुमारे २६३ दिवस लागले, तर लटका उपचार मिळालेल्यांत ८. पण यासाठी दुखरा सांधा आधी अचूक हेरावा लागतो. हातात कळ उतरणाऱ्या ८१ रुग्णांची स्वीडनमधली तुलना १९९७ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि पट्टा या तिन्ही गटांत फरक उरला नव्हता. हाताची ताकद घटत नसेल, तर थांबून पाहायला हरकत नसते.

म्हणून पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा मशीनखाली आडवे होण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : घरी मी कोणता व्यायाम करायचा, आठवड्यातून किती वेळा आणि जोर केव्हा वाढवायचा. आणि त्या व्यायामाला पुरते बारा आठवडे द्या.