खड्ड्यातून गाठीत

मुरघासाचा खड्डा आपल्याकडे जुना. त्याची शास्त्रीय मांडणी मात्र फ्रान्सची. ऑगस्त गोफार या शेतकऱ्याने हिरवा मका चिरून, हवाबंद दाबून कसा टिकतो याचं पुस्तक १८७७ साली छापलं. हवा तुटली की दह्यात असतात त्याच गोतातले जिवाणू आम्ल करतात आणि चारा सडायचा थांबतो. पुढे फिनलंडच्या विर्तानेन यांनी चाऱ्यावर थेट आम्लच शिंपडायची रीत काढली. त्यांना १९४५चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा.

सातारा-सांगलीत खड्डा अडला तो गोठ्याच्या आकारावर. ट्रॅक्टर फिरवून दाबायचा तर खड्डा आठेक फूट रुंद हवा. चार फूट उंची धरली आणि बुरशी टाळायला रोज अर्धा फूट थर काढला, तर दोन-सव्वादोनशे किलो मुरघास निघतो. दावणीला गाई चार, खाणार ऐंशी किलो. बाकीचं करायचं काय? शिवाय खड्डा जागचा हलत नाही. कृष्णाकाठचा मका माण-खटाव, जत-आटपाडीला पाठवायचा तर तो गाडीत चढायला हवा. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनला जनावरांची छावणी चालवावी लागली, त्या मुलखात वैरण दारापर्यंत येण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही.

पिशव्या आल्या, पण त्या पायाने तुडवून भरायच्या. हवा राहायची, उंदीर कुरतडायचे. मग यंत्राने आवळून बांधलेली गाठ आली. अमेरिकेत गॅरी वर्मीर यांनी १९७१मध्ये मोठ्या गोल गाठीचं यंत्र केलं, ते वाळल्या गवतासाठी. ओल्या गाठीला ताणून प्लॅस्टिक गुंडाळणं युरोपात ऐंशीच्या दशकात रुळलं. मक्याची कुट्टी मात्र गवताच्या यंत्रातून गळते. म्हणून उसाचं पाचट गोळा करणारा बेलर दारात असला तरी मुरघासाला तो चालत नाही. ‘पाचटाच्या बेलरवरच भागेल का?’ असं विचारणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. कुट्टीला बंद कोठी लागते. हौदातून माल आत पडतो, फिरत दाबला जातो, त्यावर जाळी आणि मग फिल्मचे चार ते सहा थर.

नॉर्वेच्या ऑर्केलसारखी यंत्रं टनाच्या घरातली गाठ बांधतात. दूधसंघाला, व्यापाऱ्याला ती परवडते. किलोमागे प्लॅस्टिकही कमी लागतं. पण ती उचलायला लोडर हवा, आणि चार गाईंच्या गोठ्यात उघडली तर संपायला दहा-बारा दिवस. साठ-ऐंशी किलोची गाठ प्लॅस्टिक जास्त खाते, तरी माझं मत तिच्याच बाजूचं. गोठ्यात बहुधा घरातली बाई एकटीच असते. ती गाठ लोळवत दावणीपर्यंत नेते आणि एका दिवसात संपवते.

उरला प्रश्न विजेच्या मोटारीवरचं यंत्र की ट्रॅक्टरवरचं. मका चिकात आला की कापायचा आणि कुट्टी त्याच दिवशी दाबायची. शेतीची थ्री-फेज वीज मात्र कित्येक गावांत आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची असली तर कुट्टीचा ढीग तोवर तापतो. अशा गावात ट्रॅक्टरवरचंच घ्यावं.