इस्टँडातला ‘इ’

काही वर्षांपूर्वी एका काजू कारखान्यातील बायांचे गाऱ्हाणे घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो होतो. कामावरून काढलेल्या एका बाईंची जबानी चालली होती. ‘उद्यापासून येऊ नको’ असे मुकादमाने कुठे सांगितले, असा प्रश्न झाला. बाई म्हणाल्या, ‘इस्टँडार.’ समोरचे वकील हसले, कारकून हसला, आणि खरे सांगायचे तर आमच्याही ओठांवर क्षणभर हसू आले. त्याची बोच पुढे पुष्कळ दिवस राहिली. आम्ही काही भाषापंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात झाले. तरी हा ‘इ’ येतो कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला. जे सापडले ते श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

शास्त्रात याला आद्यस्वरागम म्हणतात. ग्रीक नाव प्रोथेसिस. शब्दाच्या आरंभी, मुळात नसलेला स्वर येऊन बसणे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या जुन्या वैयाकरणांनी आगम आणि आदेश यांत मोठा मार्मिक भेद केला आहे. आगम मित्रासारखा येतो, म्हणजे कोणाला न उठवता शेजारी बसतो. आदेश शत्रूसारखा येतो, असलेल्याला उठवून त्याची जागा घेतो. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हा भेद समजायला भाष्य लागत नाही!

‘स’ आणि ‘ट’ ही जोडी शब्दाच्या तोंडाशीच आली की जिभेची अडचण होते. पुढे ‘इ’ आला की ‘इस्’ हा एक तुकडा आणि ‘टँड’ हा दुसरा, असे ओझे दोघांत वाटले जाते. याच अडचणीवर पंजाबी माणूस मध्ये स्वर घालून ‘सकूल’ म्हणतो, तर आमचा घाटावरचा शेतकरी ‘स’ टाकून देऊन ‘ठेसन’ म्हणतो. टाकून देण्याचा हा मार्ग मराठीला मुळातच प्रिय. स्कंभाचा खांब झाला, स्फोटाचा फोड झाला, स्थळाचे थळ झाले. या शब्दांना आज कोणी अशुद्ध म्हणत नाही. खांबाला टेकून ‘इस्टँड’ला हसणारे मात्र पुष्कळ.

‘इ’ पुढे घेण्याचे आमच्याकडचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण ‘स्त्री’ या शब्दाचे. प्राकृतात त्याचे ‘इत्थी’ झाले. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात ते नियम म्हणून नोंदले. पण त्याच्याही पूर्वी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सौराष्ट्रात गिरनारच्या खडकावर अशोकाचा बारावा लेख कोरला गेला. त्यात स्त्रियांच्या बाबी पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आले आहे, आणि तेथे शब्द ‘स्त्री’ नाही, ‘इथी’ आहे. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी सम्राटाच्या सरकारी दप्तरात हा ‘इ’ राजरोस बसलेला होता. मराठीच्या बोलींत पुढे ‘अस्तुरी’ आली, ती याच वाटेने.

बाहेरच्या जगातही हेच. लॅटिनमध्ये शाळेला ‘स्कोला’ म्हणत. (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फुरसत. ज्याला फुरसत त्यालाच शाळा, ही रीत तेव्हापासूनची दिसते.) रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील शिलालेखांत अशा शब्दांच्या पुढे ‘इ’ दिसू लागतो, दगडावर टाकी चालवणारा माणूस तोंडात होते तेच कोरीत होता. त्यातून स्पॅनिशात ‘एस्कुएला’ झाले, पोर्तुगीजात ‘एस्कोला’. हंगेरीत ‘इश्कोला’ म्हणतात, वेल्श लोक ‘अस्गोल’ म्हणतात, आणि तुर्क आगगाडीच्या ठिकाणाला ‘इस्तास्योन’ म्हणतात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले आणि त्यांची शाळा कोकणीत ‘इस्कोल’ होऊन बसली. तेरेखोलच्या खाडीपलीकडे ‘इस्कोल’ म्हणजे युरोपी भाषेची देणगी, आणि अलीकडे आरोंद्यात कोणी ‘इस्कूल’ म्हटले तर तो अडाणी! मध्ये अंतर एका खाडीचे.

अरबांनाही आरंभीचे जोडाक्षर चालत नाही, आणि ‘प’ तर त्यांच्याजवळ नाहीच. त्यांनी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे ‘अफलातून’ केले. तो शब्द फिरत फिरत आमच्याकडे आला, आणि आज मुंबईच्या मिठाईवाल्याच्या ताटातही अफलातून मिळतो.

इंग्रजीचा तोरा तर पाहण्यासारखा आहे. ‘इस्टेट’ हा शब्द इंग्रजाने फ्रेंचाकडून घेतला, फ्रेंचाने तो लॅटिन ‘स्टॅटस’वरून ‘ए’ पुढे लावून केला. ढाल वाहणाऱ्या नोकराला लॅटिनमध्ये ‘स्कुटारियस’ म्हणत. फ्रेंचांनी पुढे ‘ए’ जोडला आणि त्याचा इंग्रजीत ‘एस्क्वायर’ झाला. साहेबी अमलात मोठमोठ्या वकिलांच्या नावापुढे हे बिरुद लावीत. ते बिरुद आणि त्या बाईंचा ‘इस्टँड’ हे एकाच रीतीने घडलेले आहेत.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक चाल आहे. येथे ‘एक’चे ‘येक’ होते, ‘ओळख’ची ‘वळख’, ‘ओझे’चे ‘वझा’. येथे स्वराच्या पुढे ‘य’ किंवा ‘व’ येऊन बसतो. शेजारच्या कानडीतही ही सवय आहे. जुन्या मोडी कागदांत तर ‘येक’ सर्रास लिहिलेले सापडते. १ जून १९४८ रोजी राज्याची एस.टी. धावू लागली आणि लोकांनी तिची ‘यष्टी’ केली. गंमत अशी की ‘यष्टी’ हा चांगला संस्कृत शब्द आहे, अर्थ काठी. त्यामुळे तिला कोणी हसत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. त्यानंतर गावी परतलेल्या माणसांच्या तोंडून आम्ही ‘इस्टोर’, ‘इस्टीम’ हे शब्द ऐकले. हातातले काम गेले होते, पण कामाचे शब्द बरोबर आले होते. ते चुकीचे आहेत असे आम्हाला पुढे शाळेत कळले.

आता त्या जबानीकडे येतो. हसणे थांबल्यावर कारकुनाने सुधारून ‘बसस्थानक’ असे लिहिले. वाचून दाखवताना प्रश्न झाला, ‘मुकादम तुम्हांला स्थानकावर भेटला, बरोबर?’ बाई गोंधळल्या. म्हणाल्या, ‘स्थानक खंय इला? मी थंय गेलंयच नाय.’ वकिलांनी ते लगेच टिपून घेतले. बाईंचा सारा दावा मुकादम तेथे भेटला या एका गोष्टीवर उभा होता. आम्ही उठून हरकत घेतली. वाद अर्धा तास चालला. शेवटी साहेबांनी ‘स्थानक’ खोडायला लावले आणि कारकुनाने वर ‘इस्टँड’ असे लिहिले. बाईंनी ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि खाली सही केली.