समुद्राची जोखीम आणि तिचे मोल

नाशिक शहर समुद्रापासून दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या गृहस्थाला गलबताचा विमा हा विषय परका वाटावा, ह्यात नवल नाही. परंतु नाशिकच्या तांबट आळीत एकोणिसाव्या शतकात ज्या पत्र्यातून हंडे-घागरी घडत, तो पत्रा विलायतेहून मुंबईच्या बंदरात उतरून घाट चढून येत असे. त्या पत्र्याच्या किमतीत जहाजाचे भाडे होते, घाटातील वाहतुकीचा खर्च होता, अडत्याची अडत होती. आणि ह्या सर्वांबरोबर डोळ्यांना न दिसणारी आणखी एक रक्कम होती. जहाज वाटेत बुडाले तर काय, ह्या प्रश्नाची ती किंमत होय. घागर विकत घेणाऱ्या गृहिणीने समुद्र कधी पाहिलाही नसेल. पण समुद्राच्या भीतीतील आपला वाटा तिने चुकता केलेला असे. ही रक्कम कशी ठरत गेली, व्यापाऱ्यांनी ती कशी ताडून पाहिली आणि कोणत्या उपायांनी ती उतरविली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ शोधण्यास नाशिककरांना फार दूर जावयास नको. शहराजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचे शिलालेख आहेत. ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील. त्यांपैकी एकात त्याने भिक्षुसंघासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचे नमूद आहे. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण ह्या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. आणि वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावे, असे लेख सांगतो. हिशेब पै न् पैशाने जुळतो. हाच उषवदात भडोच आणि सोपारे येथे धर्मशाळा बांधल्याचे, तसेच दमण, तापी, डहाणूका आदी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचेही लिहितो. तेव्हा गोवर्धनाचा माग आणि सोपाऱ्याचे बंदर ही त्या काळी एकाच व्यवहाराची दोन टोके होती.

घरच्या मागावर घातलेल्या पैशाचे मोल शेकडा एक. मग जहाजावर घातलेल्या पैशाचे किती? ह्याचे उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मिळते. तारण असलेल्या कर्जाला दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा. अरण्यातून व्यापारास जाणाऱ्याला शेकडा दहा. आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ह्याचे कारण स्पष्ट केले आहे. अशा ठिकाणी सावकाराला व्याजाचीच नव्हे, तर मुद्दल बुडण्याचीही शंका असते. शिलालेखातील आकडा प्रत्यक्ष व्यवहाराचा, स्मृतीतील आकडा शास्त्राने मान्य केलेल्या दराचा. दोहोंची तंतोतंत तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही सव्वा, दहा आणि वीस ह्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. वीसातील सव्वा हे पैशाचे भाडे, उरलेले पावणेएकोणीस हे भीतीचे. विमा हा शब्द नसताना विम्याचा दर मात्र अशा रीतीने व्याजाच्या पोटात दडून बसला होता.

हा दर कोणी ठरवावा? मनुस्मृतीने आठव्या अध्यायात ह्याविषयी मोठा मार्मिक नियम घातला आहे. समुद्रप्रवासात निष्णात असलेले आणि देश, काळ व माल ह्यांची पारख असलेले लोक जे व्याज ठरवितील तेच प्रमाण मानावे, असे मनू म्हणतो. राजाने एक आकडा काढून सर्वांना बांधून द्यावा, असे तो म्हणत नाही. कोणत्या बंदरास जावयाचे, कोणत्या महिन्यात जावयाचे आणि काय भरून जावयाचे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे निराळी असतील तर दरही निराळा असला पाहिजे. पुढील सर्व शतकांत सागरी विम्याची जी काही तुलना झाली, ती ह्याच तीन कसोट्यांवर झाली.

काळाची कसोटी किती काटेकोर असे, ह्याचे उदाहरण ग्रीस देशातून देता येते. डेमॉस्थिनीसच्या नावाने चालत आलेल्या एका न्यायालयीन भाषणात ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील एक जहाजी करारनामा जसाच्या तसा आला आहे. अथेन्सहून काळ्या समुद्राकडे जाऊन परत येण्यासाठी हजारी सव्वादोनशे व्याज. पण स्वाती नक्षत्राच्या उदयानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, परतीस निघाल्यास हजारी तीनशे. जहाज तेच, माल तोच, वाटही तीच. काही दिवसांच्या विलंबासाठी पाऊणशे अधिक! कोकणच्या दर्यावर्दी लोकांना ह्यात नवे काहीच वाटले नसते. मृगाच्या आधी गलबत खाडीत घ्यावे, किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारावे आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावरच शीड उभारावे, हा आमच्या किनाऱ्याचा शिरस्ता. तो केवळ धर्माचार नव्हे. जोखीम कमी करण्याचा तो सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

व्याजाच्या पोटातील ही जोखीम पुढे बाहेर निघाली आणि स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. युरोपात जिनोआ शहरी १३४७ साली लिहिलेला करार हा उपलब्ध सागरी विमापत्रांत अत्यंत जुना मानला जातो. हिंदुस्थानात मोगल अमदानीत सराफ लोक मालाची जोखीम पत्करीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुजाणराय ह्या इतिहासकाराने ह्या विम्याच्या चालीचा उल्लेख करून ठेवला आहे. विमा हा शब्द फारसीतून आला. ‘बीम’ म्हणजे भीती. ज्याने हा शब्द प्रथम योजला त्याने वस्तूला अगदी नेमके नाव दिले.

पश्चिम किनाऱ्यावरील सराफांनी ह्याहूनही चतुर युक्ती काढली. ती जोखमी हुंडी होय. समजा, एका व्यापाऱ्याने हजार रुपयांचा माल गलबतात भरून दुसऱ्या बंदरी पाठविला. तो तेथील माल घेणाऱ्यावर हजारांची हुंडी लिहितो आणि आपल्याच गावच्या सराफाला ती, समजा, साडेनऊशेला विकतो. गलबत सुखरूप पोहोचले तर सराफाला पलीकडे पुरे हजार मिळतात; गलबत बुडाले तर हुंडीही बुडते आणि सराफाचे साडेनऊशे जातात. व्यापाऱ्याला पैसा आगाऊ मिळाला, शिवाय तो निर्धास्त झाला. वरचे पन्नास रुपये म्हणजे व्याज, हुंडणावळ आणि विमा ह्या तिहींची एकत्र किंमत. ती अधिक वाटली तर त्याने दुसऱ्या पेढीवर जावे. सराफाने मात्र घासाघीस करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न ठरलेले होते : गलबत कोणाचे, तांडेल कोण, लाकूड किती जुने, महिना कोणता? नावाजलेल्या तांडेलाच्या गलबतावर सराफाला कमी बट्ट्यात हुंडी घेणे परवडे. म्हणजे तांडेलाचा लौकिक हाच मालवाल्याच्या पदरी पडणारा नफा होता.

हे प्रश्न विचारण्याची व्यवस्था लंडनमध्ये पद्धतशीर झाली. एडवर्ड लॉइड ह्याच्या कॉफीगृहात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजांचे मालक आणि जोखीम घेणारे जमू लागले. एकेक जण विमापत्राखाली सही करून जोखमीचा थोडथोडा हिस्सा उचली. त्यामुळे एक जहाज बुडाले तरी एकही घर बुडत नसे. पुढे १७६० साली जहाजांची प्रत ठरवून नोंदवही ठेवणारी संस्था तेथेच जन्मास आली. सांगाडा कसा, दोर-नांगर कसे, हे तपासून प्रत्येक जहाजाला दर्जा देण्यात येऊ लागला. तोवर जी पारख एकेका जाणत्या सराफाच्या डोक्यात राही, ती आता कागदावर उतरली.

सर्वच धोके वारा-पाण्याचे नव्हते. पोर्तुगीजांचा परवाना नसेल तर त्यांचे आरमार जहाज पकडी; पुढे कान्होजी आंग्रे ह्यांनी आपल्या दस्तकाचा अंमल बसविला. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, मराठ्यांच्या दृष्टीने ते स्वराज्याचे सरखेल होते. परंतु व्यापाऱ्याच्या वहीत दस्तकाची फी आणि जोखमीचा आकार ही शेजारशेजारचीच कलमे होती. फी भरली की जप्तीची धास्ती कमी होई. युद्ध सुरू झाले की सगळेच अंदाज कोलमडत. पुढे सर जमशेटजी जिजीभाई म्हणून विख्यात झालेले तरुण व्यापारी १८०५ साली ‘ब्रन्सविक’ जहाजाने चीनकडे जात असता ते जहाज फ्रेंचांनी पकडले. माल गेला आणि स्वतः जमशेटजींना केप ऑफ गुड होपपर्यंत फरफटत जावे लागले. देश, काळ आणि माल ह्यांच्या जोडीला शत्रू हे चौथे मान धरावे लागते, हा धडा त्या पिढीने असा किंमत मोजून घेतला.

मग दर खरोखर उतरले कशाने? एक तर जहाज बळकट झाले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली त्यांचा टिकाऊपणा जगजाहीर होता. १८१७ साली तेथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. दुसरे, वाट उजळली. खांदेरी बेटावर १८६७ साली आणि कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्ज खडकांवर १८७५ साली दीपगृहे उभी राहिली. तिसरे, वादळाची वर्दी देण्याची सोय झाली. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ सालचेच. दीपगृहाचा एक दिवा हजार सराफांशी घासाघीस करण्यापेक्षा अधिक दर उतरवितो, कारण तो किमतीवर नव्हे तर भीतीच्या कारणावरच घाव घालतो.

ह्याच्या उलट, धोका तसाच ठेवून केवळ हप्ता कमी करण्याची जी धडपड, तिचा शेवट बहुधा वाईट झाला आहे. कोणी जहाजाचे वय लपवितो, कोणी पूर्वीचा अपघात सांगत नाही. परंतु सागरी विम्याचा करार परम सद्भावाचा आहे. महत्त्वाची गोष्ट लपविली तर विमाकार तो रद्द करू शकतो, हे तत्त्व भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही आहे. कोणी हप्ता वाचावा म्हणून मालाची किंमत अर्धीच दाखवितो; पण तोच कायदा म्हणतो की उरलेल्या अर्ध्याचा विमाकार तो स्वतःच. नुकसान शंभराचे झाले तरी हाती पन्नासच यावयाचे. ह्याहून भयंकर प्रकार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घडला. कुजकी जहाजे भरमसाट विमा उतरवून आणि क्षमतेबाहेर माल लादून दर्यात सोडण्यात येत. जहाज पोहोचले तरी मालकाचा फायदा, बुडाले तरी फायदा. जीव मात्र खलाशांचे जात. सॅम्युअल प्लिम्सॉल ह्या पार्लमेंटच्या सभासदाने ह्याविरुद्ध रान उठविले आणि १८७६ च्या कायद्याने भारमर्यादेची रेघ जहाजावर आखणे भाग पाडले.

ती रेघ विमाकारासाठी नव्हे, खलाशासाठी आखली गेली, हे विसरता कामा नये. आपल्या किनाऱ्यावरही हाच प्रश्न होता. जोखमी हुंडीने मालाचा धनी निर्धास्त होई. गलबताचा धनी आणि त्यावरचे खलाशी ह्यांचे तिने काहीच रक्षण होत नसे. रत्नागिरीकडील एखादा पडाव फुटला म्हणजे सराफाच्या वहीत एक हुंडी खोडली जाई. तांडेलाच्या घरची मात्र चूल विझे. स्वतंत्र भारताने १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात शिडाच्या गलबतांसाठी निराळा भागच घातला आणि नोंदणी, तपासणी व भारमर्यादा ह्यांची तरतूद केली. तिने आपसूकच विम्याचेही काम सोपे केले. कारण तपासलेल्या आणि नोंदलेल्या गलबताचीच जोखीम कोणी वाजवी दराने उचलू शकतो.

गोवर्धनाच्या विणकराला शेकडा एकाने पैसा मिळाला, तो त्याने घासाघीस केली म्हणून नव्हे. त्याचा माग सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, श्रेणी त्याच्या पाठीशी उभी होती आणि तिच्या वचनावर लोकांचा विश्वास होता, म्हणून मिळाला. समुद्रावरील पैशाचा भाव वीसावरून खाली आला तो ह्याच तीन गोष्टी हळूहळू समुद्रावर पोहोचल्या तेव्हा : दिसेल असे जहाज, वाटून घेतलेला भार आणि खरे बोलणारा धनी. दोन विमापत्रे शेजारी ठेवून केवळ हप्त्याचे आकडे पाहणाऱ्याने ह्या तीन गोष्टींची चौकशी अगोदर करावी. जो दर त्यांच्याशिवाय स्वस्त दिसतो, त्याची उरलेली किंमत पुढे केव्हातरी भरावीच लागते. आणि ती बहुधा ज्याचा करारावर सहीशीही संबंध नसतो, त्या डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला भरावी लागते.