डोळा आणि तुरा

घोड नदी तुमच्या उजव्या हाताला आहे. इसवी सनापूर्वी 1300 च्या आसपासची ही सकाळ. शिरूर हे नाव अजून कुणाच्या तोंडी नाही, दौंडचं जंक्शन तर फारच दूर. तुम्ही उभे आहात त्या वस्तीला पुढे इनामगाव म्हणतील. सव्वातीन हजार वर्षांनी, 1968 ते 1983 या काळात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी आपल्या पथकासह हीच जमीन थराथराने उकलतील. आज मात्र इथे कुडाच्या भिंती आहेत, गवताची छपरं आहेत, लाल मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी आहे.

एका घरासमोर बाई जव भरडते आहे. खाली वाका आणि तिच्या पाट्याजवळ सांडलेला एक दाणा उचला. या दाण्यात दोन मीलनं झालेली आहेत. जवाच्या फुलात परागकण उतरला, त्याची नळी आत गेली आणि तिच्यातून दोन नरपेशी पोचल्या. एकीने अंडपेशी गाठली, त्यातून गर्भ झाला, म्हणजे पुढच्या वर्षीचं रोप. दुसरीने शेजारच्या दोन केंद्रकांशी जुळून गर्भासाठी अन्नाचा साठा घडवला. बाई जे पीठ पाडते आहे ते बहुतेक या दुसऱ्या मीलनाचं आहे. माणसाची भाकरी, भात, चपाती सगळी याच शिदोरीवर चालते. ही गोष्ट कळायला 1898 साल उजाडावं लागलं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या फुलात ती पाहिली. पाट्यापाशी बसलेल्या बाईला हे ठाऊक नाही, पण कणगीतला कोणता वाटा खायचा आणि कोणता पेरायला ठेवायचा, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

घराच्या आत पाऊल टाका, मात्र जपून टाका. या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली आहेत आणि त्यांत एक तान्हं मूल आहे. इनामगावात अशी दफनं घराघरांत सापडली. एका घरात मातीची पेटीही मिळाली, तिच्याबरोबर बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि बैल. अभ्यासकांनी ती देवता सुफलनाशी आणि लेकरांच्या रक्षणाशी जोडली आहे. मला हे पटतं. जिथे पेरलेलं सगळं उगवत नाही आणि जन्मलेलं सगळं जगत नाही, तिथे पुनरुत्पादन हा पाठ्यपुस्तकातला धडा नसतो, ती रोजची धास्ती असते.

आता एक लांब उडी घ्यायची आहे. तुमच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आहे. त्याच्याही खूप मागे, 105 कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ समुद्रात उतरा. कॅनडाच्या उत्तरेकडच्या खडकांत या समुद्रातल्या तांबड्या शेवाळाचे जीवाश्म मिळाले, त्याला बँगिओमॉर्फा असं नाव दिलं. हाताच्या केसाएवढ्या बारीक तंतूंवर वेगवेगळ्या आकाराचे बीजाणू दिसतात, काही नर, काही मादी. लैंगिक पुनरुत्पादनाचा आपल्याला माहीत असलेला सर्वांत जुना पुरावा हाच. याच्या आधी दोन-अडीचशे कोटी वर्षं जीवसृष्टी होतीच, आणि ती एकाचे दोन, दोनाचे चार होत वाढत होती. ती रीत पुढेही सुटली नाही. तुमच्या घरच्या दह्यातले जिवाणू आजही तसेच वाढतात. म्हणजे जोडीदाराशिवाय वाढण्याची रीत जुनी आहे, स्वस्त आहे आणि खात्रीची आहे. मग जोडीदार शोधण्याचा एवढा खटाटोप जिवांनी का पत्करला? याचं उत्तर भीमेच्या काठी मिळेल. चला.

साल 1912, महिना आश्विन. दौंड तालुक्यातलं वाळकी आणि शिरूर तालुक्यातलं रांजणगाव सांडस यांच्यामध्ये मुळा-मुठा भीमेला मिळते. संगमाच्या वाळूवर कासगवत फुललंय, पांढरे तुरे वाऱ्यावर कलतात. गुरंसुद्धा याला बेताचंच तोंड लावतात. पण हा उसाचा सख्खा भाऊबंद आहे, आणि याच वर्षी इथून शेकडो मैल दूर कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालंय. तिथे चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन हे दोघं जाडजूड, गोड उसाचं लग्न याच रानटी कासाशी लावायच्या खटपटीत आहेत.

उसाच्या बियांपर्यंत माणूस कसा पोचला, ते बघायला आणखी पंचवीस-तीस वर्षं मागे जावा बेटावर जा. उसाच्या मळ्यांत सेरेह नावाचा रोग शिरलाय. ऊस शतकानुशतकं कांडीपासूनच लावला जात होता, त्यामुळे मैलोन्‌मैल पसरलेला ऊस म्हणजे मुळात एकच झाड, फक्त तुकड्या-तुकड्यांनी पसरलेलं. एकाला जो रोग लागला त्याला दुसऱ्याकडे वेगळं उत्तर नव्हतं. उसाला सुफळ बी धरतच नाही अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. 1880 च्या दशकाच्या अखेरीस जावात सोल्टवेडेल यांनी आणि बार्बाडोसमध्ये हॅरिसन व बोव्हेल यांनी उसाच्या तुऱ्यातल्या बियांपासून रोपं उगवून दाखवली. तुऱ्यातली बी केसाळ आणि इतकी बारीक की फुंकर मारली तर उडून जावी. पण तिच्यात आईबापांची गुणसूत्रं नव्याने वाटली गेलेली असतात, आणि एका तुऱ्यातली दोन रोपं एकमेकांसारखी असतीलच असं नाही. जोडीदार शोधण्याच्या खटाटोपाचं मोल इथे दिसतं. रोग नवा आला तरी हजार रोपांत दोन-चार तरी अशी निघू शकतात, जी त्याला पुरून उरतात.

1918 मध्ये कोइमतूरहून को 205 बाहेर पडला, गोड ऊस आणि रानटी कास यांच्या संकराचा. तो उत्तरेकडे गेला. आपल्याकडे तेव्हा पुंड्या ऊस होता, मऊ, रसाळ आणि चवीला अप्रतिम. त्याची जागा पुढे को 419 ने घेतली. त्यासाठी तुम्ही 1950 च्या सुमारास दौंडच्या मळ्यात या. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी सरीतून वाहतंय, गुऱ्हाळाचा धूर केडगावच्या बाजूला दिसतोय. सरीच्या कडेने बाया ओळीने निघाल्यात, प्रत्येकीच्या पाटीत टिपऱ्या.

“डोळा बाजूला ठेव गं, खाली दाबू नगंस,” म्होरची म्हातारी सुनेला सांगते.

“ह्या टिपरीला एकच डोळा चांगलाय, आत्याबाई.”

“मग ती कडंला टाक. सांद भराया हुईल.”

कांडीवरचा तो डोळा नीट पाहा. छोटासा फुगवटा, आणि त्यात एक अख्खा ऊस दडलेला. इथे पराग नाही, अंड नाही, मीलन नाही. पेशी विभागत जातात, गुणसूत्रांची जशीच्या तशी नक्कल होते, आणि नवा ऊस जुन्याच उसाचं शरीर पुढे चालवतो. ऊस तुटला की बुडखा राहतो, त्यातून खोडवा येतो, खोडव्यानंतर निडवा. शेतकऱ्याला हेच हवं असतं. आवडलेला गोडवा, वजन आणि उतारा जशाचा तसा पुढच्या वर्षी मिळावा, यात चूक काही नाही. तुरा आलेला त्याला आवडत नाही, कारण तुरा आला की वाढ थांबते आणि ऊस पोकळ पडू लागतो.

पण हा डोळा लावायला मिळाला तो कुठल्यातरी तुऱ्यामुळेच. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासून उसावर काम करतंय. आज शिरूर-दौंडच्या शिवारात मोठ्या प्रमाणावर दिसणारा को 86032 हा को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून आला आणि 1996 मध्ये महाराष्ट्रात शिफारस झाला. त्याचं पहिलं रोप बियांतून उगवलेलं एकटं रोप होतं. आजची सगळी एकरं त्या एका रोपाच्या कांड्या. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आंबोलीला ऊस पैदास केंद्र उभारलं, कारण तिथल्या हवेत उसाला फूल नीट येतं. शेतकरी ज्या तुऱ्याला वैतागतो, त्याची तिथे वाट पाहिली जाते.

आता आजच्या काळात या, शिरूर तालुक्यातल्या घोडकाठच्या एका गावात. ऊसतोड चालू आहे आणि कोयता अचानक थांबलाय. पाचटात बिबट्याचे बछडे आहेत, डोळे नुकते उघडलेले. तोड लांबवर नेतात, वनखात्याची माणसं येतात आणि संध्याकाळी बछडे जिथे सापडले तिथेच क्रेटमध्ये ठेवतात. रात्री आई येते आणि एकेकाला मानेला धरून नेते. जुन्नर वनविभागात अशा भेटी अनेकदा घडवल्या गेल्यात. तुम्ही बांधापलीकडून बघताय. बिबट्याच्या पेशीत 38 गुणसूत्रं, 19 जोड्या. अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं, म्हणजे नुसत्या वाटपातूनच एका मादीच्या अंडपेशी 5,24,288 प्रकारच्या होऊ शकतात. बापाकडूनही तेवढ्याच शक्यता, वर गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात ते वेगळंच. म्हणून एका वेतातले दोन बछडे सहसा हुबेहूब सारखे नसतात. एकच शरीर असलेल्या उसाच्या फडात ही परस्परांपासून वेगळी असलेली भावंडं वाढतायत. आपल्या मुलुखात पुनरुत्पादनाच्या दोन्ही रीती इतक्या जवळ मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

याच दोन रीती फळझाडांतही दिसतात. दौंड तालुक्यात खोरच्या माळावर अंजिराच्या बागा आहेत. अंजिराची फांदी लावली की झाड येतं, आणि पुण्याच्या या अंजिराला परागाशिवायही फळ धरतं. बांधावरचं उंबर मात्र तसं नाही. उंबराची फुलं फळाच्या पोटात असतात. तिथे शिरायला एक इवलीशी गांधीलमाशी लागते. बारीक भोकातून आत घुसताना तिचे पंख तुटतात, आत ती पराग ठेवते, अंडी घालते आणि मरते. तिच्या पिलांतले बिनपंखी नर आतच मरतात, माद्या नवा पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. माशी नाही तर उंबराचं बी नाही, उंबर नाही तर माशी नाही.

डाळिंबाची गोष्ट कडू आहे. शिरूरच्या कोरड्या पट्ट्यात भगवा वाणाच्या बागा गुटी बांधून वाढवल्या, आणि रोगट गुटीबरोबर तेल्या रोगही एका बागेतून दुसऱ्या बागेत गेला. तेल्याचा जिवाणूही एकाचे दोन होतच वाढतो. नक्कल केलेल्या झाडावर नक्कल होणारा शत्रू, आणि पावसाळी हवेत त्याला चार दिवस पुरतात. गुटीच्या रीतीला मी नावं ठेवत नाही, तिच्यामुळेच चांगलं फळ घरोघर पोचलं. रोपवाटिकेने मातृवृक्ष नीट न तपासता गुटी विकणं हे मात्र अक्षम्य आहे.

शेवटचा मुक्काम शिरूरच्या कांद्यात, माघ महिन्यात. आजी गेल्या हंगामातले निवडक गोट कांदे पुन्हा पुरून बसली होती, आता त्यांना डेंगळे आलेत. नातू विचारतो, “आज्जे, खायचे कांदे परत का पुरले?”

“बी धराया नको का, बाळा? ह्यातूनच पुढचं उळं.”

डेंगळ्यावर शेकडो फुलं आहेत. एका फुलाचा पराग आधी गळतो, त्याच फुलाची कुक्षी नंतर तयार होते, त्यामुळे पराग शेजारून आणावा लागतो. ते काम मधमाशी करते. बी काळं होऊन सुटतं आणि वर्षभरातच त्याची उगवण घटू लागते, म्हणून आजी दरवर्षी बी धरते. फुरसुंगीसारखे टिकाऊ कांदे अशाच शेतकऱ्यांच्या निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या घडले. शेजारच्या वाफ्यात लसूण आहे. तो पाकळीतूनच चालतो, आपल्याकडच्या लसणाला बी धरत नाही. मध्य आशियातल्या काही लसणांना अजून धरतं, आणि लसणाला नवं वाण हवं असेल तर शास्त्रज्ञांना तिकडेच जावं लागतं. हरवलेली बीजाची वाट पुन्हा सापडणं किती अवघड असतं, ते या एका वाफ्यात दिसतं.

तुम्ही आता आपल्या शेतात परतलात तर तीन कामं करा. उसाचं बेणं घरच्याच फडातून वर्षानुवर्षं ओढू नका, तीन-चार वर्षांनी प्रमाणित बेणं आणा आणि बेणेप्रक्रिया करूनच लावा. कांद्याचे डेंगळे फुललेले असताना सकाळी औषध मारू नका, मारावंच लागलं तर माशी घरी गेल्यावर संध्याकाळी मारा. आणि नदीकाठचं कासगवत सरसकट जाळू नका, उसाच्या पुढच्या रोगावरचं उत्तर कदाचित त्याच्याच तुऱ्यात आहे.